तुम्ही विचारलंत म्हणून: भाऊ सही मागतोय, करू का?

वडील गेले की तेराव्याच्या आसपास बहिणीपुढे कागद येतो. लातूर, बीड, परभणीकडच्या लेकी म्हणूनच हे सारखं विचारतात. माझं उत्तर: आत्ता हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या दस्तावर, सही नको. आधी वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर नाव लागू द्या. सोडायचंच असेल तर नंतरही सोडता येतं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करायचं तर फसवणूक किंवा दबाव दिवाणी कोर्टात सिद्ध करावा लागतो, आणि त्यात वर्षं जातात.

"लग्नात खर्च केला, आता कसला हिस्सा?" हे कायद्यात कुठेच नाही. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात लेकीचा वाटा मांडला, ते बिल रखडलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात लेकीला वारस केलं, पण वडिलोपार्जित रानात जन्मतः हक्क मुलांनाच ठेवला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलींना दिला, तरी आधीच लग्न झालेल्या वगळल्या. ही अट २००५ च्या दुरुस्तीने गेली. दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी मोडत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांचा. मुस्लिम कुटुंबात वाटे वेगळे पडतात, आणि किनवटकडच्या आदिवासी बहिणींना तो थेट लागू नाही. त्यांनी वकिलाला वेगळं विचारावं.

वडिलांनी स्वतः घेतलेलं आठ एकर रान, मृत्युपत्र नाही, मागे आई, दोन भाऊ, एक बहीण: प्रत्येकी दोन एकर. आजी हयात असेल तर वडिलांच्या वाट्यात तीही वारस, आणि तिचं नाव हमखास राहून जातं. रान वडिलोपार्जित आहे हे दाखवायला जुने फेरफार (जमिनीच्या हक्कात बदल झाल्याच्या नोंदी) आणि १९५४-५५ चं खासरा पत्रक (तेव्हाची जमिनीची नोंद) काढून ठेवा.

तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी ऑनलाइन सेवेवर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्या. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. गडबड या प्रतिज्ञापत्रातच होते: भाऊ करतो आणि बहिणींची नावं गाळतो. म्हणून अर्ज स्वतः द्या, पोच घ्या. फेरफार धरल्यावर नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावाचे फेरफार दिसतात, तिथे लक्ष ठेवा. तुमचं नाव गाळलेलं दिसलं तर त्याच पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या. मुदत हुकली आणि नोंद मंजूर झाली तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील.

नाव लागलं तरी कुठल्या रकान्यात लागलं ते पाहा. कित्येक बहिणी 'इतर अधिकार' रकान्यात पडून असतात आणि भाऊ एकटा कब्जेदार. 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून थोरल्याचं एकट्याचं नाव असेल तर बाकीचे झाकले जातात. पीककर्ज, विमा, अनुदान सगळं कब्जेदाराच्या नावाने चालतं, म्हणून आईचं नाव तिथे असणं मला लेकीच्या नावाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

स्वखुशीने सोडायचं ठरलंच, तर दस्त मोठ्याने वाचून घ्या. बोलणी एका गट नंबरच्या रानाची आणि दस्तात सगळे गट नंबर, असं होतं. हक्क कुणाच्या नावे सोडताय तेही पाहा. आईच्या नावे सोडता येतो, हे बहिणींना कुणी सांगत नाही. कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा कधीच नको.

आणि माहेर तुटेल ही भीती. ती खरी आहे, तिला मी हलकं म्हणणार नाही. पण नाव लावलं म्हणजे रान वाटून मागितलं असं होत नाही. भाऊ कसतोय तसा कसू द्या. पुढे वाटणी हवी असेल आणि सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली होते, नसतील तर दिवाणी दावा.