मेटमधले बिस खांब

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आपली मंडळी साधारण ठरल्या वाटेने फिरतात. इजिप्तचं देऊळ, व्हॅन गॉग, मग कॉफी. लेकीने आमचा बेतही तसाच आखला होता. मी मात्र आत शिरताच डावीकडे वळलो आणि ग्रीक-रोमन पुतळ्यांमधून थेट मायकेल रॉकफेलर विंग गाठली. आफ्रिका, पॅसिफिक बेटं आणि प्राचीन अमेरिकेच्या कलेचं, बरीच वर्षं डागडुजीसाठी बंद असलेलं हे दालन ३१ मे २०२५ ला पुन्हा उघडलं.

काचेच्या तिरप्या भिंतीतून पार्कातला उजेड आत येतो आणि त्यात अस्मत लोकांचे बिस खांब उभे आहेत. पाच मीटरांहून उंच, माणसावर माणूस रचलेला, आणि टोकाला पंखासारखी जाळी बाहेर आलेली. ती जाळी म्हणजे झाडाचं फळीसारखं पसरलेलं मूळ. बाकीची मुळं छाटून एवढंच ठेवतात, कोरतात आणि झाड उलटं उभं करतात.

अस्मत राहतात न्यू गिनीच्या नैऋत्य किनाऱ्यावर, आजच्या इंडोनेशियात. सगळा चिखल, खारफुटी आणि नद्या. दगड जवळपास नाहीच. पूर्वी त्यांच्या लेखी मरण सहसा आपसूक येत नसे. शत्रूने ते शस्त्राने नाहीतर जादूटोण्याने आणलेलं असे. खांबावरची माणसं म्हणजे गावातले नुकतेच गेलेले. पुरुषांच्या घरासमोर खांब उभारून मेजवानी व्हायची, मृतांना सुडाचं वचन दिलं जायचं आणि ते शत्रूचं मुंडकं आणून पाळलं जायचं. काम झालं की खांब सागोच्या, म्हणजे खोडातून पीठ मिळणाऱ्या ताडासारख्या झाडांच्या, बनात टाकून द्यायचे. ते कुजले की मृतांचं बळ सागोत उतरणार, आणि सागो हेच रोजचं अन्न.

मला गावाच्या वेशीवरचे वीरगळ आठवले. तिथेही एकावर एक कप्पे, खाली पडलेला वीर, वर शिवलिंगापाशी पोचलेला. पण वीरगळ टिकावा म्हणून दगडात कोरतात. बिस खांब कुजला नाही तर त्याचं काम अर्धवट राहतं. म्हणजे मेटमधले हे खांब एका अर्थी अडकून पडलेत, इथे त्यांना वाळवी लागू नये म्हणून माणसं पगारावर आहेत!

अस्मतांच्या हिशेबात झाड म्हणजे माणूस आणि फळ म्हणजे त्याचं डोकं. म्हणून फळं खाणारे धनेश आणि काळा काकाकुवा ही मुंडकी आणणाऱ्यांची चिन्हं. हे डोक्यात ठेवून मी मेक्सिको-ग्वाटेमालाच्या बाजूला गेलो, तर तिथेही तेच.

व्हेराक्रुझकडचे घोड्याच्या नालेसारखे दगडी 'युगो' पाहिले. रबरी चेंडूच्या खेळात कमरेला बांधायच्या पट्ट्याचं हे दगडी रूप. हा खेळ नुसती करमणूक नव्हता. मेक्सिकोतल्या चिचेन इत्झा या प्राचीन माया शहरात मोठ्या मैदानाच्या भिंतीवर डोकं उडवलेला खेळाडू कोरलाय. त्याच्या मानेतून साप निघतात आणि फुलांची वेलही. ग्वाटेमालातल्या किचे मायांच्या कथेत तर पाताळातले देव एका खेळाडूचं शिर वठलेल्या झाडाला टांगतात आणि झाड क्षणात फळांनी लगडतं. दोन संस्कृतींमध्ये अख्खा पॅसिफिक, संबंध शून्य. ओढूनताणून तो जोडणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, पण शेजारच्या दालनांत हे दिसलं की माणूस थबकतोच.

माया लाकूडकाम दमट हवेत बहुतेक नष्ट झालं. म्हणून सहाव्या शतकातला, गुडघ्यांवर बसलेला लाकडी आरसाधारी, म्हणजे आरसा धरणाऱ्या माणसाची मूर्ती, चुकवू नका. मला दालनातल्या सगळ्या सोन्याच्या वस्तूंपेक्षा तो आवडला.

हे खांब जमवणारा मायकेल रॉकफेलर १९६१ च्या नोव्हेंबरात त्याच किनाऱ्यावर बोट उलटून बेपत्ता झाला, वय २३. त्याचं काय झालं यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच: आरसाधारी कोणी घडवला ते कधीच कळणार नाही, पण एका बिस खांबाच्या कारागिराचं नाव नोंदलेलं आहे, ओमादेसेप गावचा फानिप्दास.