तुम्ही विचारलंत म्हणून : होलोकॉस्टची ‘दुसरी बाजू’

दुसऱ्या महायुद्धावर कुठेही बोलले, की शेवटी एक प्रश्न येतोच. विचारणारा बहुतेक वेळा तरुण असतो, वाचणारा असतो, आणि त्याच्या मनात खोट नसते. ‘‘मॅडम, होलोकॉस्टमध्ये, म्हणजे ज्यूंच्या संहारात, नाझींनी साठ लाख ज्यू मारले असं तुम्ही ठामपणे सांगता. पण काही प्राध्यापक, काही इतिहासकार हे मानत नाहीत. त्यांची जाडजूड पुस्तकं आहेत, शेकडो तळटीपा आहेत. मग तुम्ही दुसरी बाजू का सांगत नाही?’’ कार्यक्रमानंतर सभागृह रिकामं करायची घाई असते. तेवढ्या वेळात याचं उत्तर देणं म्हणजे प्रश्नाचा अपमान आहे, म्हणून इथे लिहिते.

ही बाजू मांडणारी माणसं कोण, हे आधी बघू. १९७८ साली कॅलिफोर्नियात ‘इन्स्टिट्यूट फॉर हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ नावाची संस्था निघाली. नाव ऐकून एखाद्या विद्यापीठाचं संशोधन केंद्र वाटतं. तिच्यामागे होता विलिस कार्टो. या माणसाने आयुष्यभर अतिउजव्या, ज्यूद्वेष्ट्या संघटना आणि नियतकालिकं चालवली. संस्थेने परिषदा भरवल्या, १९८० पासून एक नियतकालिक काढलं. लेखांना तळटीपा, मागे ग्रंथपरीक्षणं, सगळा थाट विद्वत्तेचा. या वर्तुळात मान मिळवलेले आर्थर बुट्झ अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवत. रॉबेर फोरिसाँ फ्रान्समध्ये ल्यों इथे साहित्याचे प्राध्यापक होते. फ्रेड लॉइख्टर अमेरिकेतल्या तुरुंगांना मृत्युदंडाची यंत्रं पुरवायचा. आणि डेव्हिड आयर्व्हिंग हा विद्यापीठाची पदवी न घेतलेला, पण भरपूर खपणारा इंग्रज लेखक.

पदवी नाही म्हणून मी त्यांना बाद करत नाही. महाराष्ट्रात राहून तसं म्हणणं मला शोभणारही नाही. आपल्या इतिहासाची साधनं ज्यांनी वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून, वाळवीच्या तोंडातून सोडवून आणली ते राजवाडे कुठल्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. माणूस कागदाशी कसा वागतो एवढंच बघायचं. आणि ते तपासायची संधी जगाला एकदा नव्हे, अनेकदा मिळाली आहे.

पहिली संधी या संस्थेने स्वतःच दिली. पोलंडमधल्या ऑश्विट्झ या नाझी छावणीत ज्यूंना विषारी वायूने मारलं हे सिद्ध करणाऱ्याला ५०,००० डॉलरचं बक्षीस तिने जाहीर केलं. मग कॅलिफोर्नियातच राहणाऱ्या मेल मर्मेलस्टाइन यांना पत्र पाठवून आव्हान दिलं. मर्मेलस्टाइन ऑश्विट्झमधून वाचलेले होते. १९४४ च्या मे महिन्यात त्यांची आई आणि दोन बहिणी त्यांच्या डोळ्यांदेखत तिथल्या वायुकोठड्यांकडे नेल्या गेल्या होत्या. त्यांनी आपली साक्ष लिहून पाठवली, पैसे आले नाहीत, ते कोर्टात गेले. ९ ऑक्टोबर १९८१ रोजी न्यायाधीश थॉमस जॉन्सन यांनी सांगितलं, की १९४४ च्या उन्हाळ्यात ऑश्विट्झमध्ये ज्यूंना वायूने मारण्यात आलं हे निर्विवाद सत्य आहे आणि न्यायालय त्यासाठी वेगळा पुरावा मागणार नाही. १९८५ मध्ये संस्थेला ९०,००० डॉलर द्यावे लागले आणि लेखी माफी मागावी लागली. ‘आम्हाला पुरावा द्या’ म्हणणाऱ्यांचं हे पहिलं जाहीर दर्शन. समोर साक्षीदार उभा होता आणि ते त्याचं पत्र बाजूला सारत होते.

लॉइख्टरचा ‘अहवाल’ तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेला असेल. टोरोंटोत अर्न्स्ट झुंडेल या नाझीसमर्थक प्रकाशकावर खटला चालू होता. त्याच्या बचावासाठी १९८८ च्या फेब्रुवारीत लॉइख्टर पोलंडला गेला आणि ऑश्विट्झच्या भिंतींचे तुकडे परवानगी न घेता फोडून घेऊन आला. ते प्रयोगशाळेत देताना कुठले आहेत हे सांगितलं नाही. वायुकोठड्यांच्या तुकड्यांत सायनाइड जवळपास सापडलं नाही, कपड्यांतल्या उवा मारायच्या खोलीच्या तुकड्यात मात्र भरपूर सापडलं. म्हणजे माणसं मारलीच नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. ऐकायला बिनतोड वाटतं. पण उवा मारायला माणसाला मारण्यापेक्षा कितीतरी पट जास्त वायू लागतो आणि तो तासन्‌तास ठेवावा लागतो. माणूस थोड्याच प्रमाणात, काही मिनिटांत मरतो. त्यातून नाझींनी पळून जाताना वायुकोठड्या उडवून दिल्या होत्या, ते अवशेष चार दशकं ऊनपाऊस खात उघड्यावर पडलेले. तुकडे तपासणाऱ्या रसायनतज्ज्ञाने पुढे सांगितलं, की सायनाइड भिंतीत जेमतेम १० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या एका अंशाइतकं शिरतं. इथे तर विटेचे जाड तुकडे कुटून एकत्र केले होते. तुकडे कशासाठी तपासायचे आहेत हे आधी कळलं असतं तर त्याने फक्त पृष्ठभाग तपासला असता. टोरोंटोच्या न्यायाधीशांनी अहवाल पुरावा म्हणून घेतलाच नाही. पुढे क्राकोव्हच्या न्यायवैद्यक संस्थेने रीतसर नमुने घेतले आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापला : वायुकोठड्यांच्या अवशेषांत सायनाइडचे अंश आहेत, कैद्यांच्या राहत्या बराकींत नाहीत. अहवाल मात्र अजून फिरतो. क्राकोव्हचं उत्तर त्याच्या मागे फिरत नाही.

पण खरा तपास झाला तो आयर्व्हिंगचा, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ‘शेकडो तळटीपा’ हा तुमचा मुद्दा त्यालाच सगळ्यात जास्त लागू आहे. त्याला जर्मन उत्तम येत होतं, अभिलेखागारांत तो वर्षानुवर्षं बसला होता, हिटलरच्या जवळच्या लोकांकडून त्याने खासगी कागद मिळवले होते. अनेक चांगले इतिहासकारही त्याला वचकून असत. अमेरिकी इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांनी १९९३ च्या पुस्तकात त्याला होलोकॉस्ट नाकारणारा म्हटलं. १९९६ मध्ये त्याने लंडनमध्ये त्यांच्यावर आणि पेंग्विन प्रकाशनावर बदनामीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यानुसार, आपण जे लिहिलं ते खरं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी प्रतिवादीवर असते. ‘दुसरी बाजू ऐका’ म्हणणाऱ्यांना याहून अनुकूल व्यासपीठ मिळालं नसतं : तो स्वतःच स्वतःची बाजू मांडत होता आणि त्याला हवं ते विचारायला मोकळा होता.

बचाव पक्षाने छावण्यांतून वाचलेल्या एकाही माणसाला साक्षीला उभं केलं नाही. त्या वृद्धांची आयर्व्हिंगकडून उलटतपासणी होऊ द्यायची नव्हती. आणि कागदांवर निकाल लागेल हा विश्वास होता. केंब्रिजचे रिचर्ड इव्हान्स दोन संशोधन सहायकांना घेऊन सुमारे दोन वर्षं एकच काम करत होते. आयर्व्हिंगची तळटीप घ्यायची, ज्या कागदाचा हवाला आहे तो मूळ कागद काढायचा, आणि त्यात खरंच काय आहे ते वाचायचं.

एक उदाहरण सांगते. ३० नोव्हेंबर १९४१. एस.एस. या नाझी संघटनेचा प्रमुख हिमलर हिटलरच्या मुख्यालयातून आपल्या हाताखालच्या हायड्रिखला फोन करतो आणि आपल्या नोंदीत लिहितो : बर्लिनहून ज्यूंची गाडी, ठार मारणं नाही. आयर्व्हिंगने १९७७ च्या पुस्तकात याचा अर्थ काय लावला? हिटलरने हिमलरला बोलावून घेतलं आणि ज्यूंना मारू नका असा सरसकट हुकूम दिला. मूळ नोंदीत एकाच गाडीचा उल्लेख आहे. फोनच्या आधी हिटलरची भेट झाल्याचा कसलाही पुरावा नाही. त्या गाडीतली सुमारे हजार माणसं तोवर रिगाजवळच्या रुम्बुला जंगलात गोळ्या घालून मारली गेली होती. आणि एका गाडीपुरतं ‘मारू नका’ असं फोन करून सांगावं लागतं, याचाच अर्थ बाकी ठिकाणी काय चालू होतं? दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत तर ‘हाबेन’ हा साधा जर्मन शब्द त्याने ‘युडेन’, म्हणजे ज्यू, असा वाचला. एस.एस.च्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी थांबावं अशी ती नोंद. तिचं झालं ‘ज्यूंनी आहेत तिथेच राहावं’.

चूक कोणाची होत नाही? जुनं हस्ताक्षर वाचणाऱ्या प्रत्येकाची होते. पण प्रामाणिक माणसाच्या चुका इकडेही पडतात आणि तिकडेही. ड्रेस्डेन शहरावरच्या दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात किती जर्मन मेले, याबद्दल आयर्व्हिंगने १,३५,००० आकडा दिला, पुढे एका बनावट कागदाच्या आधारे दोन लाखांच्या वर नेला. मूळ पोलीस अहवाल सापडला त्यात १८,३७५ मृतांची नोंद आणि एकूण २५,००० चा अंदाज होता. २०१० साली ड्रेस्डेनच्या इतिहासकार आयोगानेही २५,००० हीच वरची मर्यादा ठरवली. १९६६ मध्ये त्याने तो पोलीस अहवाल वर्तमानपत्रात पत्र लिहून जाहीर केला, आणि नंतरही फुगवलेले आकडे वापरत राहिला. जर्मन मृतांचा आकडा वाढतो, ज्यू मृतांचा घटतो, हिटलरवरचा ठपका पुसट होतो. इव्हान्स यांचा सातशेहून अधिक पानांचा अहवाल वाचताना माझा संताप होतो तो इथे. ज्याला एवढं जर्मन येतं, ज्याने ते कागद स्वतःच्या हाताने उलगडले, त्याला काय लिहिलंय ते दिसत होतं.

११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांनी निकाल दिला. आयर्व्हिंगने आपल्या विचारसरणीपायी ऐतिहासिक पुरावा सातत्याने आणि जाणूनबुजून विपर्यस्त केला, तो ज्यूद्वेष्टा आहे, वंशवादी आहे, असं त्यांनी स्पष्ट नोंदवलं. निकाल तीनशेहून अधिक पानांचा आहे.

आणखी दोन गोष्टी नेहमी विचारल्या जातात, त्या पटकन सांगते. ऑश्विट्झच्या स्मारकावर पूर्वी ४० लाखांचा आकडा होता, तो उतरवला, मग साठ लाखांतून तेवढे वजा करा, हा हिशेब. तो ४० लाखांचा अंदाज १९४५ च्या सोव्हिएत आयोगाचा होता. पाश्चात्त्य इतिहासकारांनी आपली बेरीज त्यावर कधीच उभी केली नव्हती. इतिहासकार राउल हिलबर्ग यांनी १९६१ मध्येच एकूण ५१ लाख ज्यू मृत्यू मोजले, त्यांत ऑश्विट्झचे सुमारे १० लाख धरले. फ्रांचिशेक पिपेर यांनी पुढे आगगाड्यांच्या नोंदींवरून ऑश्विट्झचा एकूण आकडा सुमारे ११ लाख काढला, त्यांतले जवळपास १० लाख ज्यू. जे वजा करायचं म्हणता, ते बेरजेत नव्हतंच. दुसरी गोष्ट, नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीची डायरी बॉलपेनने लिहिली आहे म्हणे. बॉलपेनचा मजकूर आहे तो नंतर कोणीतरी कागदांत ठेवलेल्या दोन सुट्या चिठ्ठ्यांवर. हस्ताक्षर, शाई, कागद यांची तपासणी करून डच संस्थेने १९८६ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. डायरी तिचीच आहे.

मग या पुस्तकांवर बंदी घालावी का? फ्रान्समध्ये १९९० पासून होलोकॉस्ट नाकारणं गुन्हा आहे. ऑस्ट्रियाने २००६ मध्ये आयर्व्हिंगला तीन वर्षांची शिक्षा दिली. जर्मनी-ऑस्ट्रियाने असे कायदे का केले हे मला समजतं. ज्या भूमीवर हे घडलं तिथली जखम वेगळी आहे. पण लिपस्टाट यांनी स्वतः त्या शिक्षेला विरोध केला होता आणि मी त्यांच्या बाजूची आहे. लंडनमध्ये त्याला कोणी गप्प केलं नाही. त्याचेच कागद त्याच्यासमोर ठेवले. बदनामीचा दावा त्यानेच लावला होता आणि तो हरला.

तेव्हा ‘दुसरी बाजू’ मी लपवत नाही. मी जे सांगत नाही ते तपासून खोटं ठरलेलं आहे, आणि त्याला निम्मा वेळ देणं म्हणजे मर्मेलस्टाइन यांच्या आईचं मरण पुन्हा वादाला टाकणं आहे. खरे मतभेद आहेत, ते मोठे आहेत, आणि त्यांवर मला जरूर विचारा. सगळ्या ज्यूंना मारायचं हे नेमकं कधी ठरलं, १९४१ च्या उन्हाळ्या-शरदात असं इतिहासकार ब्राउनिंग म्हणतात, की डिसेंबरात असं इतिहासकार गेरलाख म्हणतात? हिटलरच्या सहीचा लेखी हुकूम नसताना एवढी यंत्रणा कशी हलली? गोळ्या झाडणाऱ्या पोलीस तुकड्यांतल्या साध्या माणसांना कशाने तसं करायला लावलं, द्वेषाने की सोबत्यांच्या दबावाने? यांवर ब्राउनिंग आणि दुसरे अभ्यासक गोल्डहागेन यांचं एकमेकांशी पटलेलं नाही, आणि दोघांसमोर कागद तेच होते. पुढच्या वेळी यातला एखादा प्रश्न घेऊन या, सभागृहवाल्यांकडे मी आधीच जादा वेळ मागून ठेवीन.