आधी वारा, मग तारीख : सँटोरिनीच्या बोटफेरीतली आमची वाटचाल

आमची फर्म छोटी आहे. पुण्यातून ग्रीसला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सहली आम्ही आखतो आणि त्यातही सँटोरिनी बेटाभोवतीची अर्ध्या दिवसाची खासगी बोटफेरी नीट पार पडेल याकडे आमचं सगळ्यात जास्त लक्ष असतं. तिकिटं, हॉटेल, व्हिसाचे कागद ही कामं कोणीही चोख करून देतं. बोटीच्या पाच तासांचं तसं नाही. गेल्या काही हंगामांत आमच्या कामात जे बदल झाले ते या पाच तासांमुळेच झाले, म्हणून इथे तेवढंच लिहितो आहोत.

सुरुवातीला आम्हीही ही फेरी ठिकाणांची यादी देऊनच विकायचो. लाल किनारा, पांढरा किनारा, गरम पाण्याचे झरे, ज्वालामुखी, ईयाचा सूर्यास्त. ठिकाणं पाच, तास पाच, म्हणजे बसेल असं वाटतं. पण नकाशावर अंतर मोजलं की ते बसत नाही. बेटाच्या दक्षिणेला व्लिखाडा बंदर आहे. तिथून निघून अक्रोतिरीच्या दीपगृहाला वळसा घालून गरम झऱ्यांच्या पालिआ कामेनी या छोट्या बेटापर्यंत साधारण ७ नॉटिकल मैल, म्हणजे १३ किलोमीटर होतात. कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची शिडाची बोट, इंजिनवर साडेसहा नॉटच्या (ताशी साडेसहा नॉटिकल मैलांच्या) आसपास चालतं, म्हणजे तासाहून थोडं जास्त तिथेच गेलं. पुढे उत्तर टोकाच्या ईया गावाच्या पायथ्याच्या आम्मुडी बंदरापर्यंत आणखी ४ मैल. मग व्लिखाडाला परत यायचं, की एकूण २२ मैल. पाचपैकी जवळजवळ साडेतीन तास बोट नुसती चालत राहते आणि पोहणं, जेवण, निवांत बसणं हे सगळं दीड तासात कोंबावं लागतं. फेरीनंतर ‘घाईघाईत झालं’ असं लोक म्हणतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

यावर दोन उपाय आम्ही कायमचे स्वीकारले. एक, थांबे तीनच. दोन, शक्य असेल तेव्हा फेरी एकतर्फी ठेवायची. व्लिखाडाला चढायचं, आम्मुडीला उतरायचं आणि गाडी तिथे बोलावून ठेवायची. अंतर निम्मं होतं आणि दीड तासाहून जास्त वेळ हाताशी येतो. बोटीला रिकामी परत जावं लागतं, तेवढं डिझेल आणि खलाशांचा वेळ दरात धरावा लागतो. तो खर्च आम्ही ग्राहकाला आधीच उघड सांगतो. आम्मुडीहून ईया गावात चढायला दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत, म्हणून गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर गाडी अगदी खाली बंदराशी आली पाहिजे, हे चालकाला वेगळं बजावून सांगावं लागतं.

बोट कोणती घ्यायची याबद्दल थोडक्यात. आजी-आजोबा आणि मुलं असतील तर कॅटामरान. दोन सांगाडे असल्यामुळे ते कमी कलतं, पुढच्या जाळीवर लोळता येतं, स्वच्छतागृह असतं, स्वयंपाक बोटीवरच होतो. वेगवान हवाभरी बोट २० नॉटच्या वर जाते आणि पाचही ठिकाणं खरोखर दाखवते, पण लाटेवर ती आपटत जाते. पाठीचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना आम्ही ती देतच नाही. ‘सेमी-प्रायव्हेट’ या शब्दापाशी मात्र थांबून विचारावं. त्यात दर माणशी असतो आणि बोटीवर अनोळखी मंडळी असतात. खासगी फेरीत दर पूर्ण बोटीचा असतो, मग तुम्ही दोघं असा किंवा दहा. किती माणसं चढू शकतात हे बोटीच्या परवान्यात लिहिलेलं असतं आणि मांडीवरचं बाळही त्यात मोजलं जातं. ‘एक लहान मूल काय, बसेल कुठेही’ हे बंदरावर चालत नाही.

आता वारा. आमच्या कामाचा गाभाच तो आहे. आपल्याकडे पाऊस जोर धरतो त्याच जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा कोरडा वारा जोर धरतो आणि या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. वायव्येला बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो. पूर्वेला, आपल्या मान्सूनला ओढणारा कमी दाबाचा जो पट्टा आहे त्याचं टोक पार तुर्कस्तानापर्यंत पोचलेलं असतं. या दोन्हींच्या मधून मेल्तेमी वाहतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख आणि समुद्र खवळलेला. कोकणात वाढलेल्या माणसाला हे पटवणं अवघड जातं, कारण आपल्याकडे समुद्र बिघडण्याआधी आभाळ भरून येतं. तिथे हॉटेलच्या गच्चीवरून सगळं निळंशार दिसत असतं आणि फेरी रद्द झाल्याचा निरोप येतो.

अंदाज बोफर्टमध्ये, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या मापात, वाचायचा. ४ बोफर्ट म्हणजे ११ ते १६ नॉट, शीड उभारून जायला उत्तम. ५ म्हणजे १७ ते २१ नॉट. तेव्हा ईया आणि समोरचं थिरासिया बेट यांच्यामधल्या उत्तरेकडे उघड्या खिंडीतून वारा आत घुसतो आणि कॅल्डेराच्या, म्हणजे बेटांनी वेढलेल्या आतल्या समुद्राच्या, त्या भागात लाटा उभ्या राहतात. ६ बोफर्टला, म्हणजे २२ नॉटच्या पुढे, बंदर अधिकारी छोट्या प्रवासी बोटींना साधारणपणे निघू देत नाहीत. आमच्या कराराची बरीच कलमं या ५ आणि ६ च्या मधल्या दिवसांसाठी आहेत. अशा दिवशी कप्तान कॅल्डेरा सोडून दक्षिण किनारा धरतो, कारण बेटच आडोसा देतं. लाल किनारा, पांढरा किनारा, मेसा पिगाडिया इथे पाणी बऱ्यापैकी शांत मिळतं. दक्षिणेचा वारा असेल, जो वसंतात आणि शरदात अधूनमधून येतो, तर सगळं उलटं. तेव्हा दक्षिण किनाऱ्यावर बोट हेलकावे खात राहते. म्हणून ग्राहकाला आम्ही एकच मार्ग कधीच लिहून देत नाही. उत्तरेच्या वाऱ्याचा एक, दक्षिणेच्या वाऱ्याचा एक, असे दोन देतो आणि निवड त्या सकाळी कप्तानाची, हे बुकिंगच्या कागदावर स्पष्ट असतं.

आडोशाच्या जागीही एक धोका असतो, तो पटकन लक्षात येत नाही. दक्षिण किनाऱ्यावर उत्तरेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी सपाट दिसतं, पण तरंगत्या नळीवर पहुडलेला माणूस हळूहळू बाहेर सरकत जातो. हवेच्या गादीवरचं मूल तर भराभर जातं. म्हणून बोटीच्या मागच्या टोकाला वीस-तीस मीटरचा दोर आणि त्याच्या शेवटी तरंगता गोळा सोडलेला हवा. दोराच्या पलीकडे कोणी जायचं नाही. सँटोरिनीत बोटवाला निवडताना आमचा पहिला प्रश्न या दोराबद्दल असतो आणि दुसरा मुलांच्या मापाच्या जीवरक्षक जाकिटांबद्दल. पंधरा किलोच्या मुलाला मोठ्यांचं जाकीट घातलं तर ते डोक्यावरून निसटतं.

भरती-ओहोटीचा प्रश्न कोकणातली मंडळी हमखास विचारतात. तिथे ती जवळजवळ नसतेच, काही सेंटिमीटरचा फरक. खोलीची अडचण वेगळीच आहे. कॅल्डेरा म्हणजे ज्वालामुखी खचून झालेली दरी. पाण्याच्या वर तीनशे मीटरचा कडा आणि खाली तळ कुठे कुठे साडेतीनशे मीटरहून खोल. नांगराची साखळी खोलीच्या चार-पाच पट सोडावी लागते, त्यामुळे कॅल्डेरात मनाला येईल तिथे बोट उभी करता येत नाही. थांबे ठरलेलेच, आणि गर्दी त्या ठरलेल्या जागीच.

सकाळची फेरी की दुपारची, यावर दर कुटुंबाशी आमची चर्चा होते आणि आमचं मत ठाम आहे. मेल्तेमी दुपारनंतर चढतो, सकाळी समुद्र मऊ असतो. ज्यांना बोट लागते, ज्यांची मुलं लहान आहेत, त्यांनी सकाळच घ्यावी. पण मोठ्या बेटाचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो आणि वरची पांढरी घरं फोटोत राखाडी येतात. कड्यावर ऊन येतं ते दुपारीच. नवविवाहितांना म्हणूनच सूर्यास्ताची फेरी. सूर्यास्ताची वेळ हंगामात बरीच हलते. जूनअखेर साधारण ८:४०, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सव्वासात, ऑक्टोबरच्या मध्यावर पावणेसात. निघण्याची वेळ त्यावरून मागे मोजायची. ऑगस्टमध्येही ओल्या अंगावर संध्याकाळचा वारा बोचतो, म्हणून प्रत्येकाला एक पातळ जॅकेट आणि कोरडे कपडे सक्तीचे.

गरम पाण्याच्या झऱ्यांचं नाव ऐकून लोक वज्रेश्वरी किंवा गणेशपुरीची कल्पना करतात. पालिआ कामेनीचं पाणी कोमट आहे, तीस-पस्तीस अंशांचं, आणि बोट झऱ्यापर्यंत जात नाही. ती बाहेर थांबते, तुम्ही थंड निळ्या पाण्यात उतरायचं आणि पोहत आत जायचं. पाणी हिरवट, मग तांबूस होत जातं. ज्याला सलग पन्नास मीटर पोहता येत नाही त्याने बोटीवरूनच बघावं, त्यात कमीपणा काही नाही. पाण्यात लोह आणि गंधक आहे. लोहाचे पिवळट-तांबडे डाग फिकट कपड्यांवरून जात नाहीत, म्हणून गडद रंगाचा पोशाख. गंधकाने चांदी काळी पडते, तेव्हा जोडवी आणि पैंजण हॉटेलच्या तिजोरीत. क्रूझ जहाजांच्या गर्दीत हा थांबा दुपारी भरून जातो. कोणत्या दिवशी किती जहाजं येणार याचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं, ते पाहूनच आम्ही तारीख सुचवतो.

कपड्यांचं अजून एक. सुती कुर्ता-सलवार पाण्यात जड होते आणि पायांत गुंतते. पूर्ण अंग झाकायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा पोहण्याचा पोशाख पुण्यातच घ्यावा. चपला बोटीवर चढतानाच टोपलीत जातात, बोटीवर अनवाणीच वावरायचं. स्वच्छतागृहात कागद टाकायचा नाही, नळी अरुंद असते आणि तुंबली की फेरीभर ते बंदच.

बोट लागण्यावर गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघण्याच्या तासभर आधी. ओकारी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग होत नाही. पोट रिकामं ठेवू नये, कोरडा टोस्ट किंवा पोळी खावी, आलेपाक जवळ असावा. मागच्या बाजूला मोकळ्या हवेत क्षितिजाकडे बघत बसावं. मळमळतंय म्हणून खाली केबिनमध्ये जाऊन आडवं होणं किंवा मोबाइलमध्ये डोकं घालणं, या दोन गोष्टींनी त्रास हमखास वाढतो.

जेवण बोटीवर शिजतं आणि आमच्या ग्राहकांत निम्म्याहून जास्त शाकाहारी, म्हणून यावर आम्ही फार मेहनत घेतली आहे. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की सॅलड आणि पाव मिळतो, पोट भरत नाही. ग्रीकांमध्ये उपवासाच्या पदार्थांना ‘निस्तीसिमो’ म्हणतात. मांस, दूध, अंडी त्यात नसतं, पण कोळंबी आणि माकूळ चालतात, तेव्हा त्या शब्दावर विसंबून राहू नये. आम्ही पदार्थांची नावंच कळवतो. टोमॅटोची भजी म्हणजे ‘दोमातोकेफ्तेदेस’, भात भरलेल्या द्राक्षाच्या पानांचे ‘दोल्मादाकिया’ खिमा नसलेले, आणि सँटोरिनीची ‘फावा’. ही फावा बाकळ्याची नाही. विदर्भातल्या लाखोळीच्या भाऊबंदांतल्या एका वेलीची पिवळी डाळ शिजवून, घोटून, वर ऑलिव्ह तेल घालतात. आपल्या घट्ट वरणाच्या इतकी जवळची चीज तिथे दुसरी नाही, आजी-आजोबा ती आवडीने खातात. तिच्यात कांदा असतो आणि ‘त्झात्झिकी’ या दही-काकडीच्या कोशिंबिरीत लसूण, म्हणून जैन जेवण किमान दोन दिवस आधी सांगावं लागतं. निखाऱ्यावरची जाळी एकच असते. भाज्या आधी, मांस नंतर, किंवा भाज्या फॉइलवर, हे खलाशाला लेखी दिलेलं बरं. बेटावरचं नळाचं पाणी पिण्याचं नसतं, बाटल्या माणशी दीड लिटर धराव्यात.

जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये सँटोरिनी आणि अमोर्गोस या दोन बेटांमध्ये हजारो भूकंप झाले, सर्वांत मोठा ५.३ रिश्टरच्या आसपासचा. दहा हजारांहून जास्त लोक तात्पुरते बेट सोडून गेले आणि आम्मुडीसारख्या कड्याखालच्या बंदरांपासून दूर राहण्याच्या सूचना निघाल्या. त्यानंतर आमच्या अटींत एक कलम वाढलं. वाऱ्यामुळे असो वा प्रशासनाच्या आदेशामुळे, बोट निघू शकली नाही तर दुसरा दिवस किंवा पूर्ण रक्कम परत. बोटवाल्याकडून हे लेखी मिळाल्याशिवाय आम्ही आगाऊ पैसे पाठवत नाही. आणि दुसरा दिवस देता यावा म्हणून फेरी बेटावरच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी कधीच ठेवत नाही. पहिल्या नाहीतर दुसऱ्या दिवशी ठेवतो, म्हणजे नंतर जागा राहते.

आदल्या संध्याकाळी प्रत्येक कुटुंबाला आमचा मराठीत निरोप जातो. वाऱ्याचा अंदाज, त्यानुसार दोनपैकी कोणता मार्ग संभवतो ते, पासपोर्टवरची नावं जशी प्रवासी यादीत दिली आहेत तशी, आणि गाडी कुठे येईल ती जागा. कड्यावरची हॉटेलं पायऱ्यांवर असतात, दारापर्यंत गाडी पोचत नाही, म्हणून जवळच्या रस्त्यावरच्या खुणेचा फोटो सोबत असतो. ईयाहून व्लिखाडा पाऊण तास, ऑगस्टमध्ये त्याहून जास्त. उशीर झाला तर तेवढी मिनिटं तुमच्याच पाच तासांतून जातात, कारण बोटीची पुढची फेरी ठरलेली असते.