बर्फाखालची धसकटे

गेल्या फेब्रुवारीत माझ्या पुतणीने कझाकस्तानची राजधानी अस्ताना इथून एक छायाचित्र पाठवले. ती तिथे वैद्यकीय शिक्षण घेते आणि सुट्टीत मैत्रिणींबरोबर रेल्वेने कुठेतरी निघाली होती. खिडकीतून टिपलेल्या त्या चित्रात क्षितिजापर्यंत एकही झाड नव्हते. होता तो फक्त बर्फ, आणि त्यातून वीतभर वर आलेली गव्हाची धसकटे, आखून काढल्यासारखी ओळीत उभी. खाली तिने लिहिले होते, "काका, इथले शेतकरी आळशी आहेत का? कापणी होऊन पाच महिने झाले, तरी रान तसंच टाकलंय." मंगळवेढ्याच्या बाजूला आमची आठ एकर काळी जमीन आहे आणि ज्वारी निघाली की धसकटे वेचून रान कसे लख्ख करायचे हे तिने लहानपणापासून पाहिलेले आहे, त्यामुळे तिचा प्रश्न रास्तच होता. तिला चार ओळींत उत्तर द्यावे म्हणून मी वाचायला बसलो आणि त्या चार ओळी काही महिने लांबल्या.

कझाकस्तान हा खुल्या समुद्राचा किनारा नसलेला जगातला सर्वांत मोठा देश. त्याच्या उत्तरेकडचा गवताळ सपाट प्रदेश, ज्याला स्तेप म्हणतात, तिथे वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून साधारण ३०० मिलिमीटर पाणी पडते. आपण सोलापूरकर स्वतःला दुष्काळी म्हणवतो, पण आपली वार्षिक सरासरी साडेपाचशेच्या आसपास आहे. तिथल्या उत्तरेकडच्या मातीला रशियन भाषेत 'चेर्नोझ्योम' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ काळी माती. दक्षिणेकडे सरकावे तशी ती तपकिरी होत जाते आणि पाऊसही कमी होतो. नाव एक असले तरी त्यांची काळी आणि आपली काळी यांत मोठा फरक आहे. आपली काळी बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून आलेली, चिकण, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिचा काळेपणा सेंद्रिय पदार्थांमुळे आलेला नाही. त्यांची काळी मात्र गवताने घडवली आहे. हजारो वर्षे गवत वाढले, मेले, त्याची मुळे थंडीत पुरती न कुजता साठत गेली आणि त्यांतून तो काळा थर तयार झाला. म्हणजे त्या मातीला धरून ठेवणारी वस्तू आणि तिला सुपीक करणारी वस्तू एकच, गवताची मुळे. पुढे जे घडले ते सगळे या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

त्या गवतावर कझाक लोक शेकडो वर्षे गुरे चारून जगले. मेंढ्या, घोडे, उंट आणि गाई या चार प्रकारच्या जनावरांचे त्यांचे गणित होते. हिवाळ्यात आडोशाच्या जागी राहायचे, त्या मुक्कामाला 'किस्ताउ' म्हणत. बर्फ वितळला की उत्तरेकडे किंवा डोंगराकडे निघायचे, त्या उन्हाळी कुरणाला 'झायलाउ'. काही कुळांचा हा वार्षिक फेरा शेकडो मैलांचा असे. घोडे खुरांनी बर्फ उकरून गवत मोकळे करीत आणि त्यांच्या मागून मेंढ्या चरत, एवढा बारीक हिशेब त्या चालण्यात होता. मात्र कधी हिवाळ्यात मध्येच बर्फ वितळून पुन्हा गोठला, तर गवतावर काचेसारखा थर बसे, खुरांनी तो फुटत नसे आणि एका हंगामात कळपच्या कळप उपाशी मरत. या आपत्तीला 'जुत' असे नाव आहे. सांगोला आणि माण भागातले धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन निघतात, वाटेत कुणाच्या रानात मेंढरे बसवतात, त्या रानाला खत मिळते आणि त्यांना धान्य. हे ज्याने जवळून पाहिले आहे तो त्या चालण्याला दिशाहीन भटकंती म्हणणार नाही. पण राज्यकर्त्यांना, मग ते झारचे असोत की नंतरचे, नांगर न लागलेली जमीन रिकामीच दिसली.

झारच्या काळात, विशेषतः १९०६ नंतरच्या, झारचा पंतप्रधान स्तोलिपिन याच्या जमीनसुधारणांमुळे, दहा लाखांहून अधिक रशियन आणि युक्रेनी शेतकरी या प्रदेशात येऊन वसले. चांगली, पाण्याजवळची कुरणे त्यांच्याकडे गेली आणि फेऱ्याच्या वाटा तुटल्या. १९१६ मध्ये मोठा उठाव झाला आणि तो चिरडला गेला.

त्यानंतरचे प्रकरण वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवले. १९२९ च्या सुमारास सोव्हिएत सरकारने सामूहिकीकरण सुरू केले, तेव्हा कझाकस्तानात त्याचा अर्थ दुहेरी झाला: जमीन आणि जनावरे सामूहिक करायची, आणि भटक्यांना एका जागी बसवायचे. ज्या माळावर एका जागी राहून जनावरांना वर्षभर चारा पुरणे शक्यच नव्हते, तिथे हजारो कुटुंबांना एकत्र आणून बसवण्यात आले. शहरांना मांस आणि धान्य पुरवण्याचे कोटे वर लादले गेले. फिलिप गोलोश्चोकिन हा त्या वेळी तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख होता. जनावरे जप्त झाली, चाऱ्याविना मेली, काही लोकांनी स्वतःच कापली. तीन-चार वर्षांत देशातले नव्वद टक्क्यांच्या आसपास पशुधन नाहीसे झाले. १९३० ते १९३३ या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसे मेली, त्यांत सुमारे १३ लाख कझाक होते. लाखो लोक चीनकडे आणि शेजारच्या प्रजासत्ताकांत पळाले. कझाक भाषेत या काळाला 'अशार्शिलिक' म्हणतात आणि दरवर्षी ३१ मे रोजी त्यात गेलेल्यांचे स्मरण केले जाते. आपल्याकडे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या आठवणी अजून घराघरांतून सांगितल्या जातात. तिथे सोव्हिएत राजवटीच्या अखेरच्या वर्षांपर्यंत या विषयावर उघडपणे बोलण्याचीही सोय नव्हती.

माणसे गेली, कळप गेले, आणि माळ खरोखरच रिकामा झाला. तो भरून काढायचे सोव्हिएत संघाचा तेव्हाचा नेता निकिता ख्रुश्चेव्ह याने १९५४ मध्ये ठरवले. सोव्हिएत संघाला धान्य कमी पडत होते, युक्रेनमधील उत्पादन लवकर वाढण्याजोगे नव्हते, तेव्हा सैबेरिया आणि उत्तर कझाकस्तानातली कधीच न नांगरलेली जमीन फोडून तिथे गहू पेरायचा, अशी ही मोहीम. रशियन भाषेत अशा जमिनीला 'त्सेलिना' म्हणतात. कझाकस्तानचा तेव्हाचा पक्षप्रमुख झुमाबाय शायाख्मेतोव याने एवढ्या मोठ्या नांगरटीबद्दल नाराजी दाखवली आणि त्याला पदावरून जावे लागले. त्याच्या जागी मॉस्कोहून पोनोमारेन्को आला आणि त्याच्याबरोबर दुय्यम पदावर लिओनिद ब्रेझनेव्ह, जो पुढे सगळ्या सोव्हिएत संघाचा नेता झाला.

आरंभीचे उद्दिष्ट १३० लाख हेक्टरांचे होते. १९६० पर्यंत सगळ्या सोव्हिएत संघात मिळून सुमारे ४१८ लाख हेक्टर जमीन फोडून झाली होती आणि त्यातली सुमारे २५५ लाख हेक्टर एकट्या कझाकस्तानात होती. महाराष्ट्राचे एकूण क्षेत्र, डोंगर, जंगल, शहरे सगळे धरून, ३०८ लाख हेक्टर आहे. म्हणजे सावंतवाडीपासून गोंदियापर्यंतच्या प्रदेशाचा मोठा भाग सहा वर्षांत नांगरावा, तसे ते झाले. पहिल्याच वर्षी लाखो तरुण, मुख्यतः रशिया, युक्रेन आणि बेलारूसमधून, बँडच्या गजरात आगगाड्यांत बसून आले आणि उघड्या माळावर तंबू ठोकून राहिले. सरकारी शेतांची नावेही तशीच, कुठे मॉस्कोचे, कुठे कीव्हचे. त्यांच्या कष्टांविषयी मला काडीचाही अनादर नाही. उणे ३० अंशांत तंबूत राहून ट्रॅक्टर चालवणारी वीस वर्षांची मुले होती ती. आक्मोलिन्स्क या गावाचे नावच १९६१ मध्ये त्सेलिनोग्राद झाले. तेच गाव पुढे आक्मोला, मग अस्ताना, मग नुर-सुलतान आणि २०२२ पासून पुन्हा अस्ताना. पुतणीच्या कागदपत्रांवर प्रवेशाच्या वेळी एक नाव होते, आता दुसरे आहे.

१९५५ साल कोरडे गेले आणि टीकाकारांना तोंड फुटले. १९५६ मध्ये मात्र असे पीक आले की कझाकस्तानने एका हंगामात सरकारला एक अब्ज पूड धान्य दिले. पूड हे त्यांचे जुने माप, १६ किलोंपेक्षा थोडे जास्त; त्या हिशेबाने हे सुमारे १ कोटी ६४ लाख टन झाले. कोठारे नव्हती, रस्ते नव्हते, वाळवण्याची सोय नव्हती, आणि बरेच धान्य उघड्यावर ढिगांत सडले. पण 'कझाकस्तानचा अब्ज' ही घोषणा कायम राहिली. त्याच वर्षी सोव्हिएत यंत्रे भेट म्हणून घेऊन आपल्याकडे राजस्थानात सुरतगढ इथे मोठे सरकारी शेत सुरू झाले. त्या काळात मोठ्या यंत्राने मोठे रान करणे यापलीकडे शेतीची दुसरी कल्पना कुणाला सुचत नव्हती, मग तो देश कुठलाही असो.

चूक नांगरात होती. युरोपीय रशियातल्या ओलसर जमिनीसाठी बनवलेला, माती उलटी करून खालची वर आणणारा पलटी नांगर इथे वापरला गेला. गवताची मुळे, जी माती धरून होती, ती उलटून वर आली आणि वाळली. त्यावर वर्षानुवर्षे फक्त गहूच. धसकटे नांगरून गाडलेली, म्हणजे हिवाळ्यात बर्फ अडवायला काही नाही. वारा बर्फ उडवून नेई आणि वसंतात ओल कमी पडे. रान एक वर्ष पड टाकून त्यात ओल साठवणे हा कोरडवाहू शेतकऱ्याचा सगळीकडचा जुना उपाय, पण ख्रुश्चेव्हला पड जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन वाटे आणि त्याने ती जवळजवळ बंद करायला लावली. १९६० नंतर वाऱ्याने माती उचलायला सुरुवात केली. पावलोदारच्या बाजूला धुळीच्या वादळांनी दिवसा अंधार होई. लाखो हेक्टरांवरचा वरचा थर उडाला. १९६३ मध्ये दुष्काळ पडला आणि धान्य पिकवण्यासाठी एवढे केलेल्या देशाला कॅनडा आणि अमेरिकेकडून गहू विकत घ्यावा लागला. पुढच्या वर्षी ख्रुश्चेव्हला पद सोडावे लागले. त्याची कारणे अनेक होती, त्यात हेही होते.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटला तो अलेक्सांद्र बारायेव. अस्तानाच्या उत्तरेला शोर्तांदी इथल्या धान्यसंशोधन संस्थेचा तो प्रमुख होता. कॅनडातील कोरड्या गवताळ प्रदेशातली शेती त्याने जाऊन पाहिली होती आणि परत येऊन त्याने सांगितले की माती उलटू नका. ती खालून आडवी कापा, तणांची मुळे तुटू द्या आणि धसकटे वर उभीच राहू द्या. वाऱ्याला धसकटांची अडचण होते, माती उडत नाही. आणि हिवाळ्यात तीच धसकटे बर्फ धरून ठेवतात. त्यासाठी जे अवजार त्याच्या संस्थेने पुढे आणले त्याचे नाव 'प्लोस्करेझ', म्हणजे सपाट कापणारे. पड टाकण्याच्या बाजूने तो ख्रुश्चेव्हशी उघडपणे भांडला आणि त्याबद्दल त्याने जाहीर टीका सोसली. १९७२ मध्ये त्याच कामासाठी त्याला लेनिन पारितोषिक मिळाले.

प्लोस्करेझचे चित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा हसू आले, कारण तो कुळव आहे. लोखंडाचा आहे, ट्रॅक्टरमागे चालतो, रुंदीला आमच्या कुळवाच्या कितीतरी पट आहे, पण काम तेच: जमिनीखाली दोन-चार बोटांवरून आडवी फास जाते, तण कापते, वरचा थर मोकळा होतो आणि माती पलटत नाही. कुळवाच्या पाळ्या घालून पावसाचे पाणी मुरवायचे, बांध घालून ते अडवायचे आणि मग त्या साठलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढायची, हीच आपली रीत. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू संशोधन केंद्र सुरू झाले तेव्हा त्याने याच गोष्टी मोजून-मापून पाहिल्या. कुणी कुणाची नक्कल केली असे मला अजिबात म्हणायचे नाही. थोड्या पाण्यावर जगणाऱ्या दोन मुलखांत लोखंडाला एकच आकार द्यावा लागला, एवढेच. फरक असा की आपण पाऊस साठवतो, ते बर्फ साठवतात. तिथे हिवाळ्यात रानात अवजार फिरवून बर्फाचे वरंबे करतात, म्हणजे वारा त्यांना अडून आणखी बर्फ टाकून जातो. शेतात बर्फाचे बांध घालणारा शेतकरी ही कल्पना मला अजून गंमतीची वाटते.

१९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि सरकारी शेते कोलमडली. डिझेल नाही, सुटे भाग नाहीत, पगार नाही. रशियन आणि जर्मन वंशाची कितीतरी कुटुंबे देश सोडून गेली. दहा वर्षांच्या आत धान्याखालचे क्षेत्र जवळपास निम्म्यावर आले आणि ज्या कडेच्या जमिनी मुळात फोडायलाच नको होत्या, त्यांवर पुन्हा गवत उगवले. आज गहू बराच निर्यात होतो, पण खुल्या समुद्रावर बंदर नसल्याने तो मुख्यतः रेल्वेने उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तानकडे जातो. २००३ च्या कायद्याने शेतजमीन खाजगी मालकीची होऊ शकली. पण २०१६ मध्ये परदेशी लोकांना ती २५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याची तरतूद आली तेव्हा शहराशहरांत लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला ती थांबवावी लागली. २०२१ मध्ये परदेशी लोकांना शेतजमीन विकण्यावर आणि भाड्याने देण्यावर कायमची बंदी आली. ज्यांच्या आजोबांच्या पिढीने कुरणे गमावली, ते जमिनीच्या बाबतीत एवढे हळवे का, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

पुतणीला मी शेवटी एवढेच कळवले की तिथले शेतकरी आळशी नाहीत, त्यांनी धसकटे मुद्दाम ठेवली आहेत आणि त्यांतच त्यांची पुढची ओल आहे. पेरणी कधी होते ते कुणाला तरी विचार, असेही सांगितले. तिने वसतिगृहातल्या एका मुलीला विचारले, जिचे घर कोक्शेताउकडे आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, असे उत्तर आले. घाई करत नाहीत, आधी तण उगवू देतात, ते कापतात आणि मग पेरतात, म्हणजे जुलैचा पाऊस पिकाला नेमका सापडतो. त्याच पंधरवड्यात मी मंगळवेढ्याला गेलो होतो. आमच्या वाटेकऱ्याला या वर्षी दोन एकरांतली धसकटे वेचू नका म्हणालो, तर त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मग चुलीला काय घालू?"