खाणीतलं तळं आणि दोन मिलीबार

रविवारी पहाटे वाघोलीच्या पुढच्या एका जुन्या दगडखाणीच्या मालकाचा फोन आला. "सर, मासा वर आलाय. काल पावसाआधी धडाधड लागत होता, पाऊस पडला आणि एकदम बंद. पोरं म्हणतायत, हवेचं प्रेशर चढलं म्हणून मासा लागत नाही." मासा वर येणं आणि गळाला लागायचा थांबणं, हे दोन्ही एकत्र ऐकलं की प्रेशरचं नंतर बघायचं, आधी डीओ मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचं यंत्र, गाडीत टाकायचा.

खाण चार एकराची. पाणी सर्वांत खोल जागी सात मीटर, आणि वरच्या काठापासून अठरा मीटर खाली. कटला, रोहू, मृगळ सोडलेला. चिलापी आपली आपण आलेली. तिकीट काढून गळ टाकायला पुण्यातून लोक येतात. त्या शनिवार-रविवारी पंचवीस जणांची स्पर्धा होती, मे महिन्याचा मध्य.

उतारावरून खाली जाताना एक मुलगा मोबाइलवरचा हवेचा दाब दाखवत बरोबर चालत होता. वर 944 मिलीबार, पाण्याशी 946. "बघा, चढतंय." त्याला म्हटलं, पुन्हा वर जाऊन ये. तो गेला, आणि वर अजून 944च होतं. पुण्याच्या उंचीवर साधारण नऊ मीटर खाली उतरलं की दाब एक मिलीबारने वाढतो. अठरा मीटरला दोन. पुण्याहून भिगवणला उजनीच्या पाण्यावर जाणाऱ्यांचं तेच होतं. धरणाची पूर्ण पातळी 496.83 मीटर, म्हणजे शहरापेक्षा साठेक मीटर खाली. हवा तसूभर बदललेली नसते, पण गाडीतून उतरेपर्यंत मोबाइलवर सहा-सात मिलीबार वाढलेले असतात.

पाण्यावर कटला तोंडं वर काढून हवा ओढत होता, आणि काठाला सडक्या अंड्यांचा वास. मीटर लावण्याआधी मालकाचा मीटर पाहिला. त्यात दाब 1006 भरलेला, हवामानाच्या ॲपवरून घेतलेला. ॲप समुद्रसपाटीला आणलेला आकडा दाखवतं. मीटरला जागेवरचा दाब लागतो. असा मीटर हवेत कॅलिब्रेट केला की प्राणवायू सहा टक्के जास्त सांगतो. शनिवारी संध्याकाळी वहीत 5.1 लिहिलं होतं, ते प्रत्यक्षात 4.8.

946 भरून मोजलं. पृष्ठभागाला लिटरमागे 1.6 मिलिग्रॅम, एक मीटरवर 1.1, तीन मीटरवर 0.4. कार्प मासा पाचच्या वर मनसोक्त खातो, तीनच्या खाली खाणं सोडतो, आणि एकच्या आसपास मरायला लागतो. आमिष कोणतं लावलंय हा प्रश्नच उरत नाही.

शनिवारी काय झालं ते वहीवरून आणि मालकाच्या सांगण्यावरून जुळवलं. दुपारी पाण्याचा वरचा थर 32 अंश, तीन मीटरखाली 27. खाणीच्या भिंतींमुळे वारा लागत नाही, त्यामुळे वरचं गरम आणि खालचं थंड पाणी महिनाभर एकमेकांत मिसळलेलंच नव्हतं. खालच्या थरात प्राणवायू संपलेला, तळाला काळा गाळ. त्यावर सकाळपासून पंचवीस जणांनी मिळून पन्नासेक किलो चारा टाकला होता, शेंगदाणा पेंड, कोंडा, भिजवलेला मका. त्यातला बराचसा खाल्लाच गेला नाही. साडेचारला ढग दाटले. उजेड कमी झाला आणि हिरव्या पाण्यात दिवसभर साठलेला प्राणवायू नेमका त्या वेळी सर्वांत जास्त होता, म्हणून मासा भिंतींच्या सावलीतून बाहेर येऊन खायला लागला. पावणेसहाला वावटळ आली, तापमान 38 वरून 26, आणि दहा मिनिटांत दाब अडीच मिलीबारने उसळला. वादळी ढगाखालून जड, थंड हवा जमिनीवर पसरते तेव्हा असंच होतं. मग चाळीस मिनिटं पाऊस. कडेवरून 24 अंशाचं गढूळ पाणी कोसळलं, ते जड असल्यामुळे थेट तळाला गेलं आणि तळाचं काळं पाणी त्याने वर ढकललं. प्राणवायू त्यातच संपला. भरीला साडेसातला लाइट गेली ती पहाटे पाचला आली. पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारं पॅडलव्हील रात्रभर बंद.

म्हणजे दाब चढला आणि मासा थांबला, हे दोन्ही खरं. पण अडीच मिलीबार म्हणजे पाण्याचे अडीच सेंटिमीटर. मासा वीतभर खाली गेला तरी त्याच्यावर वीस मिलीबार जास्त येतात, आणि तो दिवसातून शंभरदा वरखाली करतो. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा दाखला नेहमी दिला जातो. कटला-रोहूच्या पिशवीची नळी घशाला जोडलेली असते, तो हवा गिळून-सोडून जमवून घेतो. चिलापीची पिशवी बंद असते, तिला रक्तातून हळूहळू जमवावं लागतं. तरीही वीतभर पाण्यापुढे हवेचा फरक काहीच नाही.

सहाला काम सुरू केलं. गळ गुंडाळायला लावले, जाळीच्या पिशव्यांत अडकवून ठेवलेले मासे आधी सोडले, चारा बंद. पॅडलव्हील मासा जमला होता त्याच कोपऱ्यात ओढून नेलं. तळाकडे तोंड करून ठेवलं असतं तर काळं पाणी आणखी ढवळलं असतं. पाच एचपीचा डिझेल पंप होता, पण त्याचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपचं तोंड, नेहमीप्रमाणे तळाला. तो रिकाम्या पस्तीस लिटरच्या कॅनला दोरीने बांधून पाण्याखाली हातभर टांगला, डिलिव्हरीचा पाइप दगडी भिंतीवर सोडला, पाणी फुटून खाली पडेल असा. मालकाला चुना टाकायची घाई होती; पीएच 7.4 निघाला, म्हणून थांबवलं. साडेआठला त्या कोपऱ्यात 3.0 झालं, अकराला ऊन पडलं तसं 3.8, चारला 5.6. तरी 23 कटला गेला, दोन-तीन किलोचा.

चार वाजता एकाने परवानगी मागून गळ टाकला. दहा मिनिटांत बूच बुडालं, दीड किलोचा रोहू. लगेच मोबाइल बाहेर: 942! "प्रेशर पडलं की लागतो." दुपारी चारला पुण्यात दाब रोजच पडतो. सकाळी दहाला आणि रात्री दहाला वर, पहाटे आणि दुपारी चारला खाली, दहा ते चारमध्ये तीन-चार मिलीबार. युरोप-अमेरिकेत थंड-गरम हवेची एखादी आघाडी सरकली तर वीस-तीस मिलीबार हलतात, दाबावरून मासा लागेल की नाही सांगणाऱ्या तिथल्या कोष्टकांना तो आधार आहे. इथे हिवाळा ते पावसाळा मिळून फरक दहाच्या घरात.

वाद घालण्यापेक्षा त्याला सोमवारी पहाटे चारला यायला सांगितलं. दिवसातला दुसरा खड्डा तेव्हाच असतो. तो आला. दाब 943, पाण्यात प्राणवायू 2.2, रात्रभर पॅडलव्हील चालूनही. तीन गळ, गांडूळ आणि कणिक दोन्ही, दीड तास. बूच हललं ते फक्त पॅडलव्हीलच्या लाटेने.

मालकाने तोवर काठावरच्या फळ्यावर रोज लिहिलं जाणारं प्रेशर पुसलं होतं. तिथे डीओचे दोन आकडे लिहायचे ठरले, पहाटे पाचचा आणि दुपारी चारचा, आणि खाली: मोबाइल एकाच दगडावर असताना दहा मिनिटांत दोन मिलीबार चढले तर गळाची कार्बनची काठी हातातून टाकून वर या, वीज येतेय.