रडतच नाही हो आमचं बाळ

लसीकरणाचा दिवस म्हणजे आमच्या ओपीडीत नुसता कल्ला. दीड महिन्याच्या डोसची बारा-तेरा बाळं, एकाने सूर लावला की सगळी सुरू. त्यात एक मात्र आजीच्या मांडीवर गपगार, तोंडात निळी चोखणी. मी पण जाता जाता बोलून गेले, अगबाई किती शहाणं बाळ! आजी खूश, "रडतच नाही हो मॅडम, रात्रभर झोपतंय."

मग काट्यावर ठेवलं. 3 किलो 100. जन्माचं 2 किलो 900. मला वाटलं काटाच बिघडला, परत शून्यावर आणून बघितलं तर तेवढंच. जन्मानंतर उतरलेलं वजन पहिल्या दहा-पंधरा दिवसांत भरून निघतं आणि मग रोज 20-30 ग्रॅम तरी वाढतं, म्हणजे हे साडेतीनच्या आसपास तरी हवं होतं.

आईला विचारलं किती वेळा पाजतेस, तर म्हणे पाच-सहा वेळा, मागतच नाही ना. या वयात 8 ते 12 वेळा तरी पाजावं लागतं. आणि मागत होतं की ते! मूठ चोखत होतं, मान वळवून शोधत होतं, पण दरवेळी तोंडात रबर जायचं आणि चोखून चोखून दमून झोपायचं. अंगावरचं दूध ओढलंच नाही तर बनतंही कमी, त्यामुळे आईला वाटायला लागलेलं की मलाच दूध पुरत नाही, आणि घरात डब्याच्या दुधाची चर्चा सुरू.

वर चोखणी मधात बुडवून! वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोट्युलिझमची, म्हणजे जंतूंच्या विषाने अंग लुळं पडणाऱ्या आजाराची भीती असते, हे मी किती आज्यांना सांगितलंय देव जाणे. आणि काळ्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेली. दोरा मी बोलता बोलताच कात्रीने कापला, फास बसायला वेळ लागत नाही.

आजी म्हणाल्या, "पण मॅडम, तुम्हीच म्हणालात ना शहाणं बाळ?" काय बोलणार, खरंच होतं ते.

चोखणी म्हणजे विष नाही हे पण सांगते. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) स्तनपानासाठीच्या जुन्या दहा पायऱ्यांत सरळ 'नको' होतं, 2018 ला ते बदलून आईला धोके समजावून सांगा असं केलं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तर झोपताना द्या म्हणतात, झोपेतले अचानक मृत्यू कमी होतात म्हणून, पण अंगावर पिणं नीट बसल्यावरच. इथे तेच बसलं नव्हतं. म्हणून वजन वाढेपर्यंत बंद, रात्री उठवून पाजायचं, आणि तिथेच बसवून छातीला कसं धरायचं ते दाखवलं.

आठ दिवसांनी 3 किलो 350. आजी मात्र वैतागलेल्या, "आता फार रडतंय हो, शेजारचे विचारायला लागलेत." चोखणी कुठंय विचारलं तर म्हणाल्या पर्समध्ये आहे, पण दोरा नाही हं त्याला.