अनुक्रमणिकेची अनुक्रमणिका

मोठ्या भावानं वह्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, आधी ह्या बघा. मग त्याच्याशी बोला." धाकटा शेजारच्या खुर्चीत बसला होता. पाय सतत हलत होता, ओठ सुकलेले, शर्ट अंगावर लोंबत होता. दाराशी त्याचा रूममेट उभा, रात्रभर जागलेला.

मी पुण्यात मानसोपचारतज्ज्ञ आहे. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड हा सगळा स्पर्धा परीक्षांचा भाग माझ्या ओपीडीपासून जवळ, त्यामुळे अभ्यासिकेतून उठून आलेली मुलं नेहमीच दिसतात. या मुलाबद्दल लिहिण्याची परवानगी त्यानं आणि त्याच्या भावानं दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिली वही राज्यघटनेची होती. पंचायत राजच्या 73व्या घटनादुरुस्तीवर त्यानं एक उत्तर लिहिलं होतं, जेमतेम दीड पान. ग्रामसभा, आरक्षण, वित्त आयोग हे मुद्दे सगळेच लिहितात. पण शेवटी त्यानं आपल्या गावचं उदाहरण दिलं होतं: सरपंचबाईंच्या ऐवजी बैठकीला कोण बसतं, सही नेमकी कधी आणि कुठे होते, आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीचा ठराव आला त्या दिवशी मात्र बाई स्वतः कशा बोलल्या. वाचताना मी थांबले. पेपर तपासणाराही तिथे थांबला असता. हा मुलगा मुळातच विचार करणारा होता.

पिशवीतली शेवटची वहीही त्याच विषयाची. चार रंगांची पेनं, पट्टीनं आखलेल्या चौकटी. पहिल्या पानावर अनुक्रमणिका. पुढच्या पानांवर तिचे उपविभाग. मग त्या उपविभागांची नवी अनुक्रमणिका, वेगळ्या रंगात. मग दोन्ही अनुक्रमणिका एकमेकींशी जोडणारा तक्ता. निम्मी वही भरली होती आणि तिच्यात एकही उत्तर नव्हतं. अक्षर इतकं बारीक की वाचायला चष्मा पुढे-मागे करावा लागला. अंगात उत्तेजक औषध जास्त झालं की माणूस एकच काम पुन्हा पुन्हा, विलक्षण एकाग्रतेनं करत राहतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. राज्यघटनेच्या वहीत ते मी प्रथमच पाहत होते.

रूममेटनं सगळं सांगितलं. अभ्यासिकेतल्या एका सीनियरनं मोडाफिनिल या जागं ठेवणाऱ्या औषधाची अर्धी गोळी दिली, "झोप येत नाही, डोकं चालतं" म्हणून. पुढे चिठ्ठी न मागता गोळ्या देणारं एक दुकान सापडलं. सकाळी एक. मुख्य परीक्षा जवळ आली तशी संध्याकाळी आणखी एक. या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जायलाच बारा ते पंधरा तास लागतात. संध्याकाळच्या गोळीनंतर झोप येणार कुठून? म्हणून रात्री झोपेची गोळी. तिची गुंगी सकाळी उतरेना, म्हणून कुणीतरी मिथाइलफेनिडेट हे आणखी एक उत्तेजक औषधही आणून दिलं. मेसचा डबा न उघडता परत जाऊ लागला. मग एक दिवस तो म्हणाला, अभ्यासिकेतल्या सीसीटीव्हीतून माझ्या नोट्सचे फोटो काढतात. वहीवर टॉवेल टाकून वाचायला लागला. आणि त्या रात्री, म्हणजे माझ्याकडे आणण्याच्या आदल्या रात्री, तीन वाजता त्यानं घरमालकांचं दार बडवलं: "फाइल परत करा!"

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ही औषधं वाईट नाहीत. नार्कोलेप्सीत माणूस बोलता बोलता, गाडी चालवता चालवता झोपी जातो. अशांसाठी मोडाफिनिल फ्रान्समध्ये तयार झालं आणि 1998 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास असलेल्या मुलाला मिथाइलफेनिडेटनं वर्गात शांत बसता येतं, आणि हे मी दर आठवड्याला बघते. पण निरोगी माणूस त्यानं हुशार होईल ही आशा फार जुनी आहे. 1937 साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. मुलं अचानक गणितं सोडवू लागली आणि त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. तेव्हापासून जागं राहणं, चिकटून बसणं आणि कळणं या तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ चालूच आहे. 2010 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेनं मोडाफिनिलचा वापर नार्कोलेप्सीपुरताच ठेवावा अशी शिफारस केली. त्यामागे मनावर आणि त्वचेवर होणारे गंभीर परिणाम होते. आपल्याकडे मात्र त्याची स्ट्रिप अभ्यासिकेत चहाच्या टपरीवरच्या सिगारेटसारखी सुटी मिळते.

मी त्याच्या भावाला हे समजावत होते तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. तो लातूरकडे शेती बघतो. धाकट्याला पुण्याला ठेवता यावं म्हणून त्यानं बारावीनंतर शिक्षण सोडलं. मग त्यानं विचारलं, "मॅडम, ह्यो तर पयल्यापास्नं हुशार हाय. मग गोळी कशाला लागली?"

माझ्याकडे औषधशास्त्राचं उत्तर होतं. त्याला ते नको होतं. आठ-दहा वर्षं लाखो मुलं मोजक्या जागांसाठी बसतात. दर वर्षी पोस्ट निघालेल्यांचे फ्लेक्स गावात लागतात आणि बाकीच्यांना घरी जाताना एसटीतून कुठे उतरावं ते कळत नाही. अशा जागी आपली आहे ती बुद्धी कुणालाच पुरेशी वाटत नाही. गोळी त्या फटीतून आत शिरते.

त्याला दाखल केलं. गोळ्या बंद केल्या. झोपेची गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून ती टप्प्याटप्प्यानं उतरवली. संशयासाठी थोडं औषध, खाणं, सलाईन. पहिले दोन दिवस तो जवळजवळ झोपलेलाच होता. भाऊ पायथ्याशी बसून मोसंबी सोलून ठेवायचा आणि ती तशीच वाळून जायची. आठवड्याभरात सीसीटीव्हीचा विषय त्यानं स्वतःहून बंद केला.

त्यानंतरचं बोलणं मला अधिक कठीण गेलं. रूममेटनं टेस्ट सिरीजचे निकाल आणून दिले होते आणि गोळ्या साधारण कधी सुरू झाल्या तेही सांगितलं होतं. मी दोन्ही शेजारी ठेवून त्याला दाखवलं. गोळ्या सुरू झाल्यापासून सोडवलेल्या प्रश्नांची संख्या वाढत गेली होती आणि गुण मात्र उतरत गेले होते. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या पद्धतीत चार चुकांमागे एका बरोबर उत्तराचे गुण जातात. जिथे आधी तो "हे येत नाही" म्हणून प्रश्न सोडत होता, तिथे आता ठामपणे चुकीचं उत्तर देत होता.

मी त्याला 2023 साली मेलबर्नच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. 40 निरोगी तरुणांना वेगवेगळ्या दिवशी मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल, डेक्स्ट्रोअँफेटामिन हे तिसरं उत्तेजक किंवा नुसती साखरेची गोळी देऊन एक कोडं घातलं: ठरावीक वजन मावणाऱ्या पिशवीत जास्तीत जास्त मोलाच्या वस्तू कशा भराल? औषध घेतल्यावर लोकांनी जास्त वेळ दिला, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या, आणि तरी पिशवीतल्या मालाची किंमत कमी भरली. साखरेच्या गोळीवर जे सरासरीच्या वर होते, तेच औषधावर बऱ्याचदा सरासरीच्या खाली आले. धडपड वाढली, तिचा दर्जा घसरला.

त्यानं सगळं नीट ऐकलं. कागद हातात घेऊन तारखा तपासल्या. मग म्हणाला, "आकडे बरोबर आहेत मॅडम. पण तेव्हा मला कळत होतं. आता वाचतो ते कळत नाही."

मी त्याच्यापुढे पहिली वही उघडली, ते दीड पानाचं उत्तर. त्यानं ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं वाचलं. "हे चांगलं आहे," तो म्हणाला. "पण हे मला आता जमणार नाही."

या गोळ्यांची किंमत म्हणून लोक धडधड, झोप, भूक सांगतात, आणि ते खरंच आहे. पण मला सर्वांत जास्त भीती या वाक्याची वाटते. संशय औषधानं गेला, वजन भरून येईल. पण आपल्या डोक्यावर भरवसा ठेवायला पंचवीस वर्षं लागली होती, आणि तो भरवसा त्यानं काही महिन्यांत एका स्ट्रिपच्या नावावर करून दिला. चांगलं लिहिलं तर श्रेय गोळीचं, आणि गोळीशिवाय अडलं तर ते त्याचं खरं रूप. या हिशेबात माणूस कधीच जिंकत नाही, आणि कितीही तक्ते दाखवले तरी तो हिशेब आतून लवकर मोडत नाही. शिवाय सोडल्यानंतरचे काही आठवडे मेंदू खरोखरच मंद, जड वाटतो. त्याला वाटतं हीच आपली मूळ पातळी. ती तशी नसते, हे मी त्याला प्रत्येक भेटीत सांगते.

मुख्य परीक्षा त्यानं दिली नाही. तो निर्णय त्याचा होता, आणि त्या दिवशी तो खूप रडला. आता गावी आहे. रोज थोडा वेळ वर्तमानपत्र वाचतो आणि वाचलेलं भावाला तोंडी सांगतो. हे काम मी दिलेलं आहे. लिहायचं अजून टाळतो. मागच्या आठवड्यात भावाचा फोन आला: पुन्हा पुण्याला कधी पाठवायचं? मी म्हटलं, त्यानं स्वतः विचारलं की. आणि पाठवाल तेव्हा त्या अभ्यासिकेत नको. तिथे ती स्ट्रिप अजून फिरते आहे, रूममेटच सांगत होता. त्याची स्वतःची अर्धी स्ट्रिप तो माझ्याकडे देऊन गेला, आणि पुढच्या सोमवारी त्याची अपॉइंटमेंट आहे.